आमच्या गल्लीचं पाणी शेवटी

सून नगरपरिषदेवर निवडून आली आणि आमच्या गल्लीला पाणी सगळ्यांत आधी येऊ लागलं. सदस्यांच्या गल्ल्यांना पहिलं पाणी, हा इथला जुना रिवाज. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. आणि आमच्या सूनबाई निघाल्या तोच रिवाज मोडायला! बाकी गल्ल्यांना पाळीपाळीनं पाणी आणि सदस्यांच्या गल्ल्यांना सगळ्यांत शेवटी, असा तिचा ठराव. त्यातच दुसरं कलम होतं, पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चावीवाल्यांना आजारपणाची पगारी रजा.

हे दुसरं मला पटत होतं. आमच्या चावीवाल्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. ऑपरेशन केलं नाही तर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण रजा घेतली की पगार बंद, आणि घरात कमावता तो एकटा. बिचारा डाव्या हातानं, दातओठ खात चावी फिरवायचा.

पण पहिलं कलम! लोक आपल्या पोळीवर तूप ओढतात, ही आमचंच ताट सरकवत होती. मी दारोदार जाऊन सुनेच्या नावानं बोटं मोडली. ते विरोधी पक्षाच्या एका जाडजूड सदस्याच्या कानावर गेलं. सभेच्या दिवशी तो गाडी घेऊन दारात हजर.

"मावशी, चला. तुमचं म्हणणं सभेत मांडा."

गेले. गाडीत बसायला मला आवडतं.

सभेत निम्मे हात ठरावाच्या बाजूनं वर झाले, निम्मे विरोधात. उरलं अध्यक्षांचं मत. ते चष्मा पुसत बसले, तसा जाडजूड उठला.

"अध्यक्ष महाराज, यांच्या घरातच ठराव पटलेला नाही. सासूबाई गॅलरीत आहेत, त्यांनाच विचारा!"

सुनेनं वळून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठले.

जाडजूडला मात्र राहवेना. "म्हणे चावीवाल्यांना पगारी रजा! उद्या घरातल्या बायकाही मागतील!"

सगळे खदखदून हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगात ताप असताना मी पाणी भरलंय, ओली बाळंतीण असताना भरलंय. 'आज राहू दे' असं मला एकाच माणसानं म्हटलं. सुनेला घरात येऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा तिनं माझ्या हातातली बादली काढून घेतली होती.

"मागतीलच!" मी ओरडले. "आधी आमच्या चावीवाल्याचा खांदा बरा होऊ दे, मग आमचं बघू. आणि आमचं पाणी खुशाल शेवटी सोडा!"

"अहो मावशी, तुम्हीच तर सुनेबद्दल..."

"माझी सून आहे. मी बोलेन. तुम्ही कोण?"

अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि हात वर केला. ठराव मंजूर! परतताना गाडी कोण देतंय? आम्ही दोघी चालत आलो. मी अशी ऐटीत चालत होते, जणू निवडून मीच आले होते.

चावीवाला ऑपरेशनला गेला. बदली माणसानं पाणी सोडलं, तेव्हा आमच्या गल्लीत दुपार झाली होती. मी पांघरूण घेऊन पडले होते.

"आई, बरं नाही का गं?" मुलानं घाबरून विचारलं.

"ठणठणीत आहे. रजेवर आहे."

त्यानं बायकोकडे पाहिलं.

"मंजूर केलीय मी," कागदांतून मान वर न करता ती म्हणाली. "उचल बादली."

नळाला धार लागली. मी कूस बदलली.