पिशवीतले मूळ कागद

माझ्या दाराला हात लावलात तर बोटांना गंज लागेल, मित्रांनो. मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. चिखलीत आयकराची कामं करणाऱ्या एका ऑफिसच्या मागच्या खोलीत मी उभं आहे. माझ्यात आता चहाचे कागदी कप, झाडू आणि मोडका पंखा असतो.

वेल्डिंगच्या दुकानात पत्रा वाकवून मला घडवलं आणि या ऑफिसचे मालक सईदभाई यांनी मला विकत आणलं. लोक त्यांच्याकडे आख्खी पिशवी आणून टेबलावर ओतत. पगाराचा दाखला, विम्याची पावती, औषधांची बिलं, त्यातच रेशनकार्ड आणि एखादी लग्नपत्रिका. "काय लागते ते तुम्हीच पाहा," म्हणून मोकळे होत. सईदभाई एकेक कागद उलगडत. लागेल त्याची झेरॉक्स माझ्यात ठेवत, मूळ कागद परत देत आणि परत दिल्याची सही घेत.

"पत्रिकाही घेऊन जाय बे, मले काय जेवायले जायचं हाय?" असं ते म्हणाले की माणसं हसत हसत सही करत.

सईदभाई गेले आणि त्यांचा मुलगा जाकीर खुर्चीवर बसला. वाईट नव्हता तो. त्याला फक्त घाई होती. जुलैत दारापर्यंत रांग लागायची. सह्या कोण घेत बसणार? पिशव्या तशाच माझ्यात जाऊ लागल्या. लोकांनाही ते बरंच वाटलं. घरी उंदीर, गळकं छत. मला निदान कुलूप होतं.

त्यात सारिकाताईंची पिशवी होती. त्या जवळच्या खेड्यातल्या शिक्षिका. त्यांच्या लेकीला, पुष्पांजलीला, थॅलेसेमिया होता. सारखं रक्त चढवावं लागे. त्या खर्चावर करात सूट मिळते, म्हणून बिलं इथे येत. बिलांच्या गठ्ठ्यातच एक तपासणीचा रिपोर्ट होता. एकदा रक्त चढवताना पोर ताप चढून थरथरली होती. कुठल्या प्रकारचं रक्त तिला सोसत नाही, ते त्यावर लिहिलेलं होतं. नेहमीच्या डॉक्टरांना ते ठाऊकच होतं, म्हणून तो कागद ताईंना कधी घरी लागला नाही.

मग जाकीरने स्कॅनर आणला. बिलं स्कॅन झाली. रिपोर्ट करासाठी लागत नव्हता, म्हणून तो स्कॅन झाला नाही. माझे कप्पे रिकामे झाले आणि सगळा गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत गेला. कुणालाही फोन झाला नाही.

पुढे ते डॉक्टर दवाखाना बंद करून निघून गेले. पुष्पांजलीला बुलढाण्याला न्यावं लागलं, आणि सारिकाताई धावत इथे आल्या.

"जाकीरभाऊ, तिचा रक्ताचा रिपोर्ट द्या. डॉक्टर थांबून राह्यले."

"ताई, बिलं हायेत सगळी. हे पाहा, कम्प्युटरवर."

"बिलं काय करू मी? रिपोर्ट पाह्यजे."

"जुने कागद रद्दीत गेले, ताई."

"मले इचारलं काऊन नाही?"

ताईंनी माझ्या एकेका कप्प्यात हात घातला, पार मागच्या पत्र्यापर्यंत.

डॉक्टरांनी नव्याने तपासणी केली. कुठलं रक्त सोसत नाही, ते इतक्या वर्षांनी तपासणीत दिसलंच नाही. असं होतं म्हणे. थांबायलाही वेळ नव्हता. रक्त लावलं, आणि पोर पुन्हा तशीच थरथरली.

पुढच्या जुलैत सारिकाताई आल्या, तेव्हा टेबलामागे नवीन मुलगी, उमैमा, बसली होती. "ताई, औषधांची बिलं राह्यली का? मागच्या वर्षी सूट घेतली होती तुम्ही."

"यंदा नाहीत."

"घरी असतील तर उद्या आणा, चालते."

"आता लागत नाहीत, बाई," ताई म्हणाल्या.

आतून जाकीर उठून आला. उमैमाच्या हातून कागद घेऊन त्याने स्वतः झेरॉक्स काढली आणि मूळ कागद ताईंपुढे धरले. ताईंनी ते पर्समध्ये ठेवले आणि बस गाठायला निघून गेल्या.

मित्रांनो, आज घरी गेलात की आईला विचारा, आपल्या आजारपणाचे कागद कुठे आहेत. कुणाच्या कपाटात पडले असतील तर मागून आणा. आणि उद्या मोठे होऊन कुणाचे कागद सांभाळायची वेळ आली, तर टाकण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. तुम्हाला न लागणारा कागद कुणाला कशासाठी लागेल, ते कपाटाला कळत नाही. तुम्हालाही कळणार नाही.