फळ्यावर राहिलेली तीन वाक्यं

मी फळा. माझ्या नावानं दरवर्षी कितीतरी मुलं बोलतात. निबंधात मला रडवतात, हसवतात, कृतज्ञतेनं गहिवरायला लावतात. मला कुणी विचारलं नाही. आज मीच बोलतो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला डोळे नाहीत, त्यामुळे अश्रूही नाहीत.

वसमतच्या एका सुतारानं मला घडवलं. टेम्पोतून पुसेगावकडच्या एका शाळेत आलो आणि दहावीच्या वर्गात भिंतीवर ठोकला गेलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं बॅटरीच्या जुन्या सेलमधला कोळसा कुटून मला फासायची. तेवढा एक दिवस सगळे माझ्याकडे बघायचे. एरवी फळ्यावरचं बघतात, फळ्याकडे नाही.

मराठीचे देविदास सर आत्मकथन शिकवायला लागले की मला संताप यायचा. कुणाचा तरी परिच्छेद ते माझ्यावर लिहीत आणि रंगीत खडूनं रेघा ओढत. उपमेला पिवळा, अतिशयोक्तीला गुलाबी, निर्जीव वस्तू बोलली की निळा. जितक्या रेघा, तितका परिच्छेद चांगला. माणूस खरं सांगतोय का, याला रंग नव्हता.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या वार्षिक अंकासाठी तांड्यावरच्या निताचा परिच्छेद माझ्यावर आला. तिची आई त्या पावसाळ्यात वारली होती. आईबद्दल कुठं काही छापून येणार असेल तर ते एवढंच, हे निताला ठाऊक होतं. तिनं लिहिलं होतं:

‘आईनंतर चूल पेटली त्या दिवशी भाकरी मी केल्या. सवयीनं तिच्या वाटणीचीही केली. ती कुणी खायची, हे घरात कुणी बोललं नाही.’

सर खडू धरून रेघेची जागा शोधत राहिले.

“काहून गं निता, अलंकार कुठंय यात?”

“न्हाई सर. झालं तसं लिवलं.”

“मग वाचणाऱ्याच्या काळजाला कसं लागंल?”

मागच्या बाकावरून मुन्ना म्हणाला, “सर, भाकरीला चंद्र म्हना. बराबर उपमा व्हते.”

वर्ग हसला. सरांना मात्र ते पटलं. त्यांनी पिवळा खडू उचलला.

“सर, ती करपली व्हती,” निता म्हणाली.

“अंकात करपलेलं चालत न्हाई, पोरी. तुझ्या चांगल्यासाठीच सांगून राहिलो.”

ते खरंच तसं समजत होते. त्यांनी तिची वाक्यं पुसली आणि लिहिलं, ‘आई म्हणजे मायेचा अथांग सागर. तिच्याविना चंद्रासारखी भाकरीही मला निखाऱ्यासारखी भासली.’ भराभर रेघा पडल्या. निता खाली मान घालून उतरवून घेत होती.

सागर! आमच्या हिंगोली जिल्ह्यात सागर कुठून आणला, हे विचारायला हवं होतं. पण फळ्याला वाचा फुटते ती निबंधात.

म्हणे अलंकार नव्हता. ‘सवयीनं’ हा एक शब्द बघा. आई गेल्याचं हातांना अजून कळलेलं नव्हतं, ते त्या शब्दात आहे. मग घर गप्प होतं आणि ती तिथंच थांबते. स्वतःच्या दुःखाविषयी एक अक्षर नाही. एवढं थांबणं जमायला लिहिणाऱ्यांचे जन्म जातात. सरांच्या डब्यात त्यासाठी खडू नव्हता.

दुसऱ्या दिवशी घंटेआधी निता एकटी वर्गात आली. माझ्या खालच्या कोपऱ्यात तिनं तिची तीन वाक्यं पुन्हा लिहिली आणि निघून गेली. त्याच सकाळी डिजिटल बोर्ड बसवायला माणसं आली. घाईत मला उतरवलं. पुसायचं कुणाला सुचलं नाही.

तेव्हापासून मी मोडक्या बाकांच्या खोलीत आहे, तोंड भिंतीकडे. उरलेल्या अंकांचा गठ्ठा शेजारीच पडलाय. त्यात निताच्या नावाखाली सागर छापलाय. ती दहावी होऊन हिंगोलीला शिकायला गेली, एवढं बाहेरच्या बोलण्यातून कानावर आलं. इकडे कुणी येत नाही. पत्रा गळतो, त्या बाजूनं अक्षरं पुसट होत चाललीत.

कधी या खोलीत आलात तर मला भिंतीकडून वळवा. मी बोललो म्हणून निळी रेघ ओढू नका. कोपऱ्यातलं तेवढं मोठ्यानं वाचा. तिच्या आईच्या वाटणीची भाकरी अजून तिथंच आहे.