किलोमागं एक रुपया

पुलगावच्या आमच्या किराणा दुकानात पप्पांचा एकच नियम: चिल्लरच्या भावानं, म्हणजे किरकोळीत, काहीच घ्यायचं नाही. माझ्या वाढदिवसाचे फुगेसुद्धा त्यांनी थोकात आणले होते. बाराशे! अजून संपलेले नाहीत.

अकरावी कॉमर्सला मी वर्गात पहिली आले तेव्हा पप्पा म्हणाले, "हर्षा, तुह्या नावानं महिन्याले हजार म्युच्युअल फंडात टाकतो. फंड तू निवड."

मी तर हवेतच! दोन दिवस मोबाईलला चिकटून बसले. शोधता शोधता मला पप्पांचाच फंड दिसला, म्हातारपणासाठी आठ वर्षांपासून भरताहेत तो. पण दोनदा दिसला! नाव तेच, सांभाळणारा माणूस तोच, आतल्या कंपन्याही त्याच. एकापुढं 'डायरेक्ट' लिहिलेलं, वर्षाचा खर्च पाऊण टक्का. दुसऱ्यापुढं 'रेग्युलर', म्हणजे एजंटमार्फत, खर्च पावणेदोन. पप्पांचा पावणेदोनवाला.

"पप्पा! तुम्ही आठ वर्षांपासून चिल्लरच्या भावानं घेऊन राह्यले!"

पप्पांच्या हातातलं साखरेचं माप तसंच राहिलं. सगळं ऐकून मग ते हसले. "एका टक्क्यानं काय होते वं?"

"साखरेत किलोमागं एक रुपया सुटते म्हणून आपलं घर चालते, हे कोण सांगते मग?"

मी कॅल्क्युलेटर पुढं केला. पप्पांचे महिन्याला पाच हजार, वीस वर्षं. बारा टक्क्यांनी वाढले तर जवळपास पन्नास लाख. अकरा टक्क्यांनी, चव्वेचाळीसही नाहीत. सहा लाखांचा फरक! गिऱ्हाईक साखर मागत होतं, पप्पांना ऐकूच येईना.

तेवढ्यात भैयाजीकाका आले. पप्पांना हा फंड काढून देणारे एजंट हेच, रोज चहाला येतात. मी तोंडावरच विचारलं, "काका, आमचा एक टक्का तुम्हाले जाते?"

मला वाटलं, गडबडतील.

"घेतो ना," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. विचार तुह्या बापाले."

पप्पा वजनकाटा पुसायला लागले.

"आन तुह्या बापाची साखर फुकट भेटते का? लॉकडाऊनमध्ये बाजार धाडकन पडला तेव्हा हे सारं विकाले निंगाले होते. बारा फोन केले मले. मी एकबी उचलला नाई! म्हणून पैसा आज जागेवर आहे."

मी पप्पांकडं बघतच राहिले. मंडीत भाव पडला तर पोती दाबून बसणारे माझे पप्पा, घाबरून विकायला निघाले होते? घरात आम्हाला पत्ताच नाही!

"माहा भैयाजीपाशीच राहू दे," पप्पा हळूच म्हणाले. "तू तुहा डायरेक्ट घे. पण बाजार पडला तर तुले कोण थांबवीन?"

"मीच!" मी इतक्या जोरात म्हणाले की गिऱ्हाईक हसलं.

चार महिने झाले. मागच्या सोमवारी दुकानात बसून मोबाईल उघडला तर सगळं लाल! चार हजारांचे साडेतीन. "पाचशे गेले!" मी ओरडलेच. पहिली आलेली मी, अन् बोट सरळ 'विका'वर गेलं.

पप्पा साखर तोलत होते. वर न बघताच म्हणाले, "काहो भैयाजी, चहा घेता का?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. म्हणजे भैयाजी मीच.

मी मोबाईल पालथा ठेवला.

"घेतो ना," म्हटलं. "बशीत."