पाखऱ्या

"डॉक्टर, चिमटा काढा. खच्ची केल्याबिगर हे तट्टू घाटात चढनार नाय," मुकादम हैबती म्हणाला.

तट्टाच्या मालकानं, कोंडाजीनं, पाखऱ्याच्या दाव्याचे दोन वेढे मनगटाला मारले.

१९५९ सालचा माघ महिना होता. पोलादपूरच्या वर घाटरस्ता रुंद करायचं काम चाललं होतं आणि खडी वाहायला अकरा जनावरं होती. त्यांत पाखऱ्या एकटाच अंडील, खच्ची न केलेला. आठ दिवसांपूर्वी तो दुसऱ्या तट्टावर धावून गेला आणि खडीची गोण दरीत गेली. गोणीऐवजी माणूसही गेला असता. हैबतीचं म्हणणं खोटं नव्हतं.

महाडहून आलेले गुरांचे डॉक्टर पाखऱ्याभोवती फिरले. आखूड पाठ, बारीक पण गाठीदार पाय. त्यांनी एक खूर उचलून बोटानं ठोकला.

"याला नाल कधी मारले होते?"

"कधीच नाय, सायेब. माज्या आज्यानं ह्याच्या आजीची आजी भीमेकाठनं आनली. पेशवाईत ही जात लढाईवर जायची म्हने. मूठभर चन्यावर दिवसभर चालायची."

"भीमथडी," डॉक्टर हळूच म्हणाले. "पुस्तकात वाचली होती. अंडील मात्र आज पहिल्यांदाच बघतोय."

"जात चाटायची काय?" हैबती उसळला. "मानूस गेलं तर त्याच्या बायकोला जात दाखवू?"

या कामावाचून कोंडाजीचं भागणार नव्हतं. तो म्हणाला, "हैबती, तुजी घोडी माजावर हाय ना? तिला वरच्या वळनावर बांद. भरल्या गोनीनिशी मी ह्याला तिच्या बाजूनं नेतो. बिथरला, तर सायबांनी चिमटा लावावा."

"कोंडाजी, नको," डॉक्टर म्हणाले. "तिथे रस्ता जेमतेम चार हात आहे."

"मी दरीच्या अंगाला र्‍हाईन."

घोडी डोंगराकडच्या खडकाला बांधली. खाली गडी काम थांबवून उभे राहिले.

वळण दहा पावलांवर आलं तसे पाखऱ्याचे कान उभे झाले. नाकपुड्या फुलल्या. तो खिंकाळला तेव्हा त्याच्या बरगड्यांची थरथर कोंडाजीच्या खांद्याला कळली.

"हिकडं बघ रे. माज्याकडं बघ."

ते शेजारी आले आणि घोडीच उलटी फिरली. तिचा पुठ्ठा गोणीवर आदळला. ओझं कललं, पाखऱ्याचा मागचा पाय कडेवरून सरकला. दगड सुटले. ते खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

कोंडाजीनं दावं ओढलं नाही. ओढलं असतं, तर दोघंही गेले असते. त्यानं खांदा जनावराच्या मानेला लावला. "उबा र्‍हा, बाबा. उबा र्‍हा."

पाखऱ्याचं सगळं अंग घामानं निथळत होतं. पण तो हलला नाही. मग त्यानं मागचा पाय हळूच वर घेतला, चाचपून टेकला, आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

वळणापलीकडं कोंडाजीनं पाखऱ्याला थांबवलं. हैबती धावत आला. त्यानं कललेली गोण सारखी केली.

"र्‍हाऊ दे त्याला तसाच," तो म्हणाला.

डॉक्टरांनी पिशवी बंद केली. "कोंडाजी, याला याच जातीची घोडी बघा. नाहीतर हा नुसता राखून काय होणार?"

घोडीसाठी कोंडाजीनं तुडील, सव ही गावं पाहिली, वाडीवाडीत विचारलं. चैत्रात काम संपल्यावर पाखऱ्याला घेऊन तो पायी घाट चढला आणि भीमेकाठी गेला. महिन्यानं परत आला.

त्याची बायको चंद्रभागा अंगणात उभी होती. "गावली काय?"

कोंडाजीनं खोगीर उतरवलं. पाखऱ्याच्या पाठीवर घामाचं मीठ धरलं होतं. गवताचा बोळा करून तो पाठ चोळू लागला.

"लोक हसले गो. म्हनाले, आता ट्रका आल्यात, तट्टं कोन पाळतो?"

चंद्रभागा पाण्यानं भरलेली बादली घेऊन आली. तिनं ती आधी पाखऱ्यापुढं ठेवली.