कर्णबधिरासाठी कर्णा

कोणतंही मूल केवळ दिव्यांग आहे म्हणून परीक्षेपासून वंचित राहता कामा नये, हे तत्त्व मानवजातीने फार मोठ्या वाटचालीनंतर स्वीकारलेलं आहे. राज्यस्तरीय चाचणीच्या सूचनापत्रात ते एका ओळीत मावलं होतं. मुख्याध्यापक मेस्त्री सरांनी चष्मा नाकावर सरकवून ती ओळ वाचून दाखवली : ‘श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांसाठी उतारा अधिक मोठ्या आवाजात वाचावा.’

विनीताला आधी वाटलं, सर गंमत करतायत. पण मेस्त्री सरांनी नोकरीला लागल्यापासून गंमत केल्याची नोंद नव्हती.

‘‘म्हणजे काय, सर?’’

‘‘म्हणजे मोठ्यान वाचूचा.’’

‘‘पण गौरजाक ऐकाक येणाच नाय.’’

‘‘म्हणान तर मोठ्यान.’’

विनीता त्या भागातल्या शाळांची विशेष शिक्षिका होती. कंत्राटी. कंत्राट दर मार्चला संपायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर कधीतरी पुन्हा सुरू व्हायचं. मधल्या काळात तिच्या विद्यार्थ्यांचं अपंगत्व बहुधा सुट्टीवर जात असावं. स्कूटरवर पायांपाशी ठेवलेली पिशवी, पिशवीत ठोकळे, चित्रं आणि एक हातातला आरसा, एवढं घेऊन ती वाडीवाडी फिरे. ह्या सगळ्या शाळांपैकी एकाही शाळेत तिची स्वतःची अशी खुर्ची नव्हती. शिपाई घरून आला नसेल तर त्याची मिळायची.

गौरजा पाचवीत होती. तिला शाळेचं वेड होतं, आणि ते एकतर्फी होतं. शाळा उघडायच्या आधी ती पायरीवर बसलेली असायची. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. सावंतवाडीच्या शिबिरात तिला एक श्रवणयंत्र मिळालं होतं, देणाऱ्यांबरोबरच्या फोटोसकट. शिरोड्याकडच्या खाऱ्या हवेत यंत्र काही महिन्यांत गेलं. फोटो अजून चांगला आहे.

यंत्राने जे केलं नाही ते आरशाने केलं. विनीता आणि गौरजा गालाला गाल लावून आरशात बघत बसायच्या. विनीता एक शब्द बोलायची, गौरजा ओठ बघायची, मग स्वतःचे ओठ तसे करून बघायची. असं करत ती बोलणाऱ्याच्या तोंडावरून बोलणं वाचायला शिकली. सगळ्यात चांगलं वाचायची ते आईचं. आई सुभद्रा जत्रेत दशावतारी नाटकाला गौरजाला समोर बसवायची, रंगमंचाकडे पाठ करून स्वतः तिच्याकडे तोंड करायची, आणि कर्ण्यातून येणारं सगळं घरच्या बोलीत, आवाज न करता, ओठांनी सांगत राहायची. देवळातल्या सूचना, बोटीवाल्यांना दिलेला वादळाचा इशारा, सगळं तसंच. कर्णा बोलायला लागला की सुभद्रा लेकीकडे वळायची. पदर सावरावा तितकं सवयीचं झालं होतं ते.

चाचणीतला श्रवणाचा प्रश्न साधा होता. शिक्षक एक गोष्ट वाचणार, मुलं ऐकणार, मग कागदावर छापलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहिणार. गोष्ट मुलांना छापून द्यायची नाही.

‘‘तिका गोष्ट छापून देवया,’’ विनीता म्हणाली. ‘‘ती वाचता. वर्गात सगळ्यांपेक्षा बरा वाचता.’’

‘‘सूचनेत नाय.’’

‘‘श्रवणात शून्य इला तर काय होतला, म्हायत आसा मा तुमका?’’

मेस्त्री सरांना माहीत होतं. नव्या नियमाने, कुठल्याही एका कौशल्यात शून्य मिळवणारं दिव्यांग मूल ‘गृहाधारित शिक्षण’ गटात जाणार होतं. म्हणजे नाव शाळेत आणि मूल घरी. आठवड्यातून एकदा विनीता त्याच्याकडे तासभर जाणार. आणि अशा मुलाचे गुण शाळेच्या सरासरीत धरले जाणार नव्हते. हे शेवटचं वाक्य सरांनी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं.

‘‘अगो विनीता,’’ ते मायेने म्हणाले, ‘‘मी तिच्या वाईटावर आसंय काय? आवाजाची काळजी तू करू नको. बाबलीक सांगलेला आसा.’’

बाबली लग्नाला, जत्रेला आणि उमेदवारांना कर्णे भाड्याने देई. चाचणीच्या सकाळी तो दोन घेऊन आला. एक वर्गात, फळ्याच्या वर बांधला. दुसरा बाहेर माडाला.

‘‘भायर कित्याक रे?’’ विनीताने विचारलं.

‘‘जोडी आसा, बाईंनू. एकच लावलो तर मशीन रागावता.’’

निरीक्षणाला केंद्रप्रमुख जगदाळे साहेब आले होते. घाटावरून नुकतेच बदलून आलेले, हातरुमालाने सतत मान पुसणारे. त्यांनी कर्ण्याकडे बघितलं, सूचनापत्राकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ‘‘वा. कर्णबधिरासाठी कर्णा. असा उपक्रम अजून कुठे पाहिला नाही मी.’’ त्यांनी फोटो काढला. फोटोत कर्णा पूर्ण आला. गौरजाची एक वेणी आली.

मेस्त्री सर माईक घेऊन उभे राहिले. माईक जुना होता, तोंडाला अगदी चिकटवल्याशिवाय आवाज पकडत नव्हता. त्यांनी तो चिकटवला. नाकाच्या खाली सर दिसेनासे झाले.

पहिल्या बाकावर गौरजा मान पुढे काढून त्यांच्या तोंडाच्या जागी असलेल्या काळ्या गोळ्याकडे बघत होती.

‘‘साहेब, माईक काढायला सांगा,’’ विनीता दारातून म्हणाली. ‘‘ती ओठांवरून समजून घेते. तोंड दिसलं पाहिजे तिला.’’

‘‘मॅडम,’’ जगदाळे शांतपणे म्हणाले, ‘‘ओठ वाचणं म्हणजे वाचन झालं. वाचनाचा प्रश्न दुसरा आहे. आपण श्रवण तपासतोय. आणि तुम्ही कृपया बाहेर थांबा. विशेष शिक्षिका समोर असणं हीसुद्धा मदतच.’’

विनीता व्हरांड्यात आली. आतून सरांनी सुरुवात केली : ‘‘आजोबा...’’ पुढे ‘सकाळी लवकर बाजारात’ असे शब्द होते, ते कर्ण्याने एका लांबलचक शिट्टीत गिळून टाकले, आणि मग माडावरून साऱ्या वाडीला स्वच्छ ऐकू आलं, ‘‘...गेले.’’

शेजारच्या घरातून राधाबाई पदर खोचत फाटकापाशी आली. ‘‘कोणाचो आजो गेलो गो?’’

‘‘कोणाचो नाय, राधाबाय. परीक्षा आसा.’’

‘‘काल संध्याकाळी तर सगळे बरे होते.’’

‘‘गोष्टीतलो आजो. बाजारात गेलो.’’

‘‘मगे तसा सांगा मा!’’ राधाबाई चिडली. ‘‘मी चूल इझवून इलंय.’’

सरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. आजोबा बाजारात गेले, त्यांनी काकडी आणली. आजी अंगणात बसली होती. तिला काकडी कापताना बघून शेजारची मुलगी धावत आली. गोष्ट अशीच पुढे गेली. शासनाच्या गोष्टींमध्ये ह्याहून भयंकर काही घडत नाही. वाडी ऐकत होती. रस्त्यावरच्या दुकानातून भाईने गिऱ्हाईकाला सांगितलं, ‘‘काकडी हाडल्यानी.’’ बंदरावर जाळी विणणाऱ्यांनीही हात थांबवले. त्या सकाळी आजोबांनी काय आणलं हे मैलभर परिसरात ठाऊक नसलेलं माणूस एकच होतं, आणि सगळी यंत्रणा तिच्यासाठीच लावलेली होती.

शाळेच्या कुंपणापलीकडे सुभद्रा झावळीची चुडतं विणत बसली होती. शिट्टी थांबून गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली तशी ती उठली, हातावरची कुसळं झटकली, कुंपणातल्या वाटेने आली आणि खिडकीच्या गजांपाशी उभी राहिली. गौरजाने मान वळवली. सुभद्राचे ओठ हलायला लागले. जगदाळे कर्ण्याकडे बघत होते.

विनीताने ते व्हरांड्यातून पाहिलं. ती सुभद्राला थांबवू शकली असती. तिने पिशवीतला आरसा काढून उगाचच पुसायला घेतला.

गोष्ट संपली. सुभद्राचे ओठही थांबले. प्रश्न छापलेले होते, ते तिला दिसत नव्हते आणि दिसले असते तरी वाचता आले नसते. ती परत जाऊन चुडत विणायला बसली. गौरजाने प्रश्न वाचले आणि लिहायला लागली. पेन्सिल दाबून, जीभ दातांत धरून. सगळ्यात आधी कागद तिने दिला, आणि दारातल्या विनीताकडे बघून हसली.

पेपर तपासायला जगदाळे तिथेच बसले. आजोबांनी बाजारातून काय आणले? उत्तर : तवसा. आजी कुठे बसली होती? खळ्यात. धावत कोण आले? चेडू.

‘‘हे काय आहे?’’ जगदाळेंनी विचारलं. ‘‘तवसा?’’

मेस्त्री सरांच्या घरामागे तवशाचा वेल होता. गौरी-गणपतीत त्यांच्या घरी तवशाचं धोंडस होई आणि शाळेत डबा भरून येई.

‘‘असा शब्द नाही, साहेब,’’ ते म्हणाले.

‘‘तवसा म्हणजे काकडी,’’ विनीता म्हणाली. ‘‘खळं म्हणजे अंगण. चेडू म्हणजे मुलगी. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत.’’

जगदाळेंनी उतारा काढून कागदाशेजारी धरला. मग त्यांच्या लक्षात आलं. ‘‘पण सर तर काकडी म्हणाले. हिने तवसा कुठून आणला?’’

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, विचारलं नसतानाही, अभिमानाने म्हणाला, ‘‘तिची आवस खिडकीत उभी होती. ती सांगता तिका नेहमी.’’

सुभद्राला बोलावलं. ती पायरीखालीच उभी राहिली.

‘‘तुम्ही मुलीला उत्तरं सांगितली?’’

‘‘उत्तरा नाय सांगूक, साहेबांनू. कर्ण्यातली गोष्ट सांगलंय. जत्रेत सांगतंय तशी.’’ तिने माडाकडे हात केला. ‘‘कर्णो तिच्यासाठीच लावलास मा? मगे तिका कोणीतरी सांगूक नको, तो काय बोलता ता?’’

जगदाळेंनी मेस्त्री सरांकडे पाहिलं. ‘‘काय म्हणतायत?’’

‘‘सांगितल्याचं मान्य करतायत,’’ मेस्त्री सर म्हणाले.

‘‘साहेब, ती तसं म्हणाली नाही,’’ विनीताचा आवाज चढला. ‘‘गोष्ट आईने सांगितली. उत्तरं मुलीने शोधली. समजल्याशिवाय कोणी हे लिहील का?’’

‘‘तोच तर प्रश्न आहे, मॅडम.’’ जगदाळेंनी मान पुसली. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, आणि त्यामुळे ते जास्तच हळू बोलत होते. ‘‘मुलीला ऐकू येत नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. ऐकू येत नसताना श्रवणाची उत्तरं बरोबर आली, म्हणजे बाह्य मदत. बाह्य मदत असली की त्या प्रश्नाला शून्य.’’

‘‘आणि चुकली असती तर?’’

‘‘तर शून्यच.’’

बाबली माडावर चढून कर्णा सोडत होता.

‘‘मी ह्यावर सही करणार नाही,’’ विनीता म्हणाली. इतक्या वर्षांत ती कुणाला असं पहिल्यांदाच म्हणत होती.

मेस्त्री सरांनी गुणांचा तक्ता बघितला, उलटून बघितला. ‘‘तुजी सही लागणाच नाय, विनीता,’’ ते म्हणाले. ‘‘तुजो रकानोच नाय ह्यात.’’

गौरजा पायरीवर उभी राहून आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. एवढी माणसं एकदम बोलली की तिला कळत नसे. शेवटी तिने आईकडे बघितलं. सुभद्राने पहिल्यांदाच तोंड दुसरीकडे वळवलं.

मेस्त्री सरांचा उपक्रम जिल्ह्याच्या ग्रुपवर फिरला. त्यांना शाल मिळाली. गौरजा वगळल्यावर शाळेची सरासरी वर गेली, त्याचीही बातमी आली.

आता विनीता गुरुवारी गौरजाच्या घरी जाते. दोघी खळ्यात बसतात. शाळा सुटायच्या वेळी कुंपणापलीकडून मुलं जातात, आणि गौरजा आरशातून नजर काढून त्यांच्या तोंडांकडे बघते. कोण काय बोललं ते मग विनीताला सांगते, जड, घसरत्या आवाजात. शिवा बोलला गणिताचा तास झालाच नाय. शेवंती बोलली उद्या खिचडी नाय, उसळ. मागच्या गुरुवारी तिने विनीताच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि विचारलं, ‘‘माजी परीक्षा कधी?’’ विनीताने ‘बघू’ म्हटलं. ओठ फारसे न हलवता.

यंदाच्या सूचनापत्रात श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांसाठी सुधारणा करण्यात आली आहे. उतारा आता दोनदा वाचायचा आहे.