नमस्कार न करणारे

बाबांचा लिफ्टदुरुस्तीचा धंदा होता आणि लिफ्ट बिघडली की लोक मेसेज टाकायचे. ते वाचायची ताई. कोण खरंच आत अडकलंय आणि कोण नुसतं बटणाच्या नावानं बोटं मोडतंय, हे तिला वाचता वाचताच कळायचं. पण मागच्या महिन्यात एका बाईंचा मेसेज तक्रारींच्या आणि आभारांच्या ढिगाखाली दबला आणि त्या दुपारभर बंद लिफ्टमध्ये बसून राहिल्या. ताईला कुणी बोल लावला नाही, तिनंच तो लावून घेतला. काम सोडते म्हणाली, आणि तेव्हापासून घरात हसणंच बंद झालं.

धाकटीला हे बघवेना. ती प्रोग्रॅमर, म्हणजे घरच्यांच्या मते प्रिंटर दुरुस्त करणारी. तिनं ताईकडून जुने मेसेज दोन ढिगांत टाकून घेतले, 'अडकलेले' आणि 'बाकीचे'. मग प्रोग्रॅम लिहिला तो अगदी साधा. कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचं, आणि नवा मेसेज आला की त्यातल्या प्रत्येक शब्दाची शक्यता गुणत जाऊन तो कुठल्या ढिगातला ते ठरवायचं, आणि अडकलेल्याचा वाटला तर यादीत वर चढवायचा. शितावरून भाताची परीक्षा, फक्त इथे एकही शीत सोडायचं नाही. काम झटपट व्हावं म्हणून तिनं सगळे आकडे डिस्कवर न ठेवता थेट मेमरीतल्या डेटाबेसमध्ये ठेवले.

"म्हणजे लाइट गेली की लोक अडकणार," बाबा म्हणाले, "आणि लाइट गेली की तुझं यंत्र सगळं विसरणार. छान."

हे झोंबलं, कारण खरं होतं. धाकटीनं मुकाट्यानं बॅटरी जोडली आणि आकड्यांची एक प्रत सारखी डिस्कवर उतरत राहील अशी सोय केली.

तरी पहिल्याच चाचणीत ती तोंडावर आपटली. 'आत आहे, इन्हेलर संपला' हा मेसेज थेट तळाला गेला. कुणीतरी लिफ्टमध्ये इन्हेलर विसरल्याचं कधीतरी कळवलं होतं, तेवढाच तो शब्द यंत्राला 'बाकीच्यां'त भेटलेला. 'अडकलेल्यां'त तो शून्य, आणि शून्यानं गुणलं की इतर शब्दांनी कितीही घसा फोडला तरी उपयोग नाही. मग तिनं प्रत्येक शब्द दोन्ही ढिगांत एकेकदा आलाच आहे असं आगाऊच धरून टाकलं. पाहुणा अनोळखी असला म्हणून त्याला दाराबाहेर उभं करायचं नाही.

आकडे बघताना दोघींना गंमत कळली. 'लिफ्ट' हा शब्द काहीच सांगत नव्हता. 'अडकलं'ही फारसं नाही, कारण लोकांचं बटण अडकतं, दार अडकतं. पण 'नमस्कार' आणि 'कृपया' मेसेजला दणकून खाली ढकलत होते. आत अडकलेला माणूस नमस्कार कशाला करत बसेल?

"हे मला कळत होतं," ताई म्हणाली, "पण कशावरून कळतं ते कधी सांगता आलं नसतं."

आणि एका भर दुपारी अख्ख्या भागाची वीज गेली. मेसेजची झुंबड उडाली. बड्या ऑफिसच्या मॅनेजरनं लिहिलं होतं, 'नमस्कार, आमची लिफ्ट अडकली आहे, कृपया तातडीने यावे.' बाबा मेकॅनिकला तिकडेच पिटाळायला निघाले. या मेकॅनिकला सगळे पाना म्हणत. पण यंत्रानं सगळ्यात वर ठेवलं होतं ते एवढंच: 'अंधार. बाळ आहे. लवकर.'

कुणाचा तरी चुकून आला असेल, आधी मॅनेजर बघा, असं बाबांचं म्हणणं. धाकटी ताईकडे बघत राहिली. महिनाभर कशावरच ठाम न बोललेली ताई उठून उभी राहिली.

"बाबा, ही आत आहे. पाना, जिन्यात थांब, पत्ता विचारून सांगते."

तिनं त्या नंबरावर फोन लावला. पलीकडून एका बाईनं रडवेल्या आवाजात इमारतीचं नाव सांगितलं. पाना पळाला. मॅनेजरची लिफ्ट रिकामीच अडकली होती आणि ते स्वतः बाहेर फुटपाथवर उभे होते, हे नंतर कळलं.

त्या दिवशी यंत्र मेसेज वर चढवत गेलं, ताई फोन लावत गेली, पाना दारं उघडत गेला. वीज येईपर्यंत कुठल्याही लिफ्टमध्ये एकही माणूस उरला नव्हता. बाळ आणि त्याची आई तर केव्हाच घरी पोचली होती. पानानं आल्या आल्या तसं सांगितलं आणि पाणी मागितलं.

ताईच्या कामासाठी बाबांनी एका माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. त्याला काय सांगू, असं त्यांनी जरा चाचरतच विचारलं.

"जागा भरली म्हणून सांगा," ताई म्हणाली आणि पुढचा मेसेज वाचायला लागली.

धाकटीला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.