मुका खांब

“सुई अशी धरा काका. पेनासारखी नाही, सुरीसारखी. हां, तशी.”

फिजिओथेरपीच्या खोलीतल्या मॅडमनी फिटरच्या उजव्या मुठीत क्रोशाची जाडजूड सुई खोचली आणि डाव्या हाताच्या बोटांभोवती सुतळी गुंडाळून दिली. शेजारच्या स्टुलावर त्याची बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आता हा माणूस उठून चालू लागणार, असं तिला वाटलं. आयुष्यभर पाने, छिन्न्या आणि हातोडे चालवलेला माणूस. त्यानं घट्ट केलेला नट दुसऱ्याच्या बापाला सैल होत नसे. त्याला भरल्या खोलीत विणायला बसवायचं म्हणजे काय. पण फिटर उठला नाही. नाही म्हणाला नाही. सुईकडे बघत राहिला.

“मातीचा गोळा दाबून झाला, मणी ओवून झाले,” मॅडम बायकोला म्हणाल्या. “काका सगळं करतात आणि बाजूला ठेवून देतात. यात निदान एखादी वस्तू तयार होते. आणि सुतळी खरखरीत असते. हाताला काहीतरी लागतंय हे डोक्याला कळायला तीच बरी.”

“शिकतील ते. हातात कला आहे त्यांच्या.”

“काका, चालेल ना तुम्हाला?”

“चालेल,” फिटर म्हणाला. हल्ली त्याला सगळंच चालत होतं.

कारखान्यात टाकीचं झाकण उचलताना साखळी सुटली होती. झाकणाच्या एका बाजूला फिटर होता. दुसऱ्या बाजूला त्याचा मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. तो वेल्डर. वेल्डर जागच्या जागी गेला. फिटरचं मनगट झाकणाच्या कडेखाली सापडलं. हाडं जुळली, जखम भरली, पण अंगठा सोडला तर उजव्या हाताच्या बाकीच्या बोटांतली जाणीव काही परत आली नाही. हातात धरलेला पेला गरम आहे की गार, ते कळत नसे. एकदा बोटांवर फोड आले, तेसुद्धा बायकोनं पाहिले तेव्हा समजले.

“पहिल्यांदा साखळी घालायची,” मॅडम सांगत होत्या. फिटरनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या काही लक्षात आलं नाही. “फासातून दोरा ओढायचा, नवा फास. त्यातून परत दोरा. झाली साखळी. आता याच्यावर हा साधा टाका. याला मुका खांब म्हणतात.”

“अगंबाई,” बायको हसून म्हणाली, “तो तर आमच्या घरात आधीपासूनच आहे.”

मॅडमही हसल्या. फिटर खाली मान घालून सुतळी ओढत राहिला. बायकोनं जीभ चावली.

पण तिचं खोटं नव्हतं. वेल्डर गेला त्या दिवसांत बहीण फिटरच्या छातीवर डोकं ठेवून रडली होती आणि फिटर खांबासारखा उभा होता. त्याचा एक हात गळ्यात अडकवलेला, दुसरा तसाच लोंबत राहिलेला. डोळ्यांत टिपूस नाही. ‘काळजाचा दगड झालाय,’ असं कुणी म्हणालं. ‘दोघं होते, एकच गेला,’ असंही कुणी म्हणालं, आणि ते त्याच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं म्हणालं. बहिणीनं एकदा मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली. तेव्हापासून ती त्याच्या घरी आली नव्हती. तोही गेला नव्हता.

त्याला दुःख नव्हतं असं नाही. काय होतंय तेच कळत नव्हतं. पाय झोपला की तो आपलाच आहे हे डोळ्यांनी बघून पटवून घ्यावं लागतं. फिटरचं स्वतःच्याच बाबतीत तसं झालं होतं.

घरी आल्यावर तो खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसू लागला. पहिली चकती झाली ती वाळक्या पानासारखी कडेनं वाकलेली. बायकोनं ती गरम भांड्याखाली ठेवली आणि वर भांडं डगमगलं तरी काढली नाही. दुसरी जरा सपाट झाली. मग हात बसला. दोरा किती घट्ट ओढायचा हे बोटांना कळत नव्हतं, तेव्हा तो डोळ्यांनी मापू लागला. मापण्यात त्याची हयात गेली होती. चिमट्यांसाठी टोपली झाली, बाटल्यांना झबली झाली, खिडकीतल्या कुंडीला शिंकाळं झालं. सुतळीचा वास घरभर पसरला आणि तिचे तंतू जेवणाच्या ताटात सापडू लागले.

“आता मला एका जागी फार वेळ बसायची सोय राहिली नाही,” बायको लॉन्ड्रीत बरोबरच्या बाईला सांगत असे. ती तिथं इस्त्रीला होती. “बसले तर मलाही कव्हर चढेल.”

शेजारचा रिटायर्ड ड्रायव्हर एकदा डोकावला. दार उघडंच होतं. फिटरनं विणकाम लपवलं नाही की खाली ठेवलं नाही.

“वा फिटर, आता फक्त बांगड्या भरायच्या राहिल्या म्हणायच्या.”

“हं,” फिटर म्हणाला.

ड्रायव्हर उगाच टोपलीकडे बघू लागला. फिटर चिडला असता तर त्याला बरं वाटलं असतं. थोडा वेळ घुटमळून तो गेला, आणि काही दिवसांनी स्वतःच येऊन कांद्यांसाठी एक टोपली मागून घेऊन गेला.

एका दुपारी बायको कामावर असताना बहीण आली.

लहानपणी तिची चिवचिव दिवसभर थांबत नसे, म्हणून फिटरनं तिचं नाव चिमणी पाडलं होतं आणि अजून तेच चालू होतं. आता ती दारात नुसती उभी होती. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“वहिनी नाही?”

“कामावर.”

“बरंय.” ती आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. खोलीभर नजर फिरवली. “वहिनी सांगत होती, तू विणतोस म्हणून. मला खोटं वाटलं होतं.”

फिटरनं सुई खाली ठेवली. पाणी द्यावं, असं त्याच्या मनात आलं. उठेपर्यंत तीच उठली, घेऊन प्यायली.

“मी चाललेय दादा. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालंय. लांब आहे, पण राहायला खोली देतायत. रविवारची बस आहे.”

“बरं,” फिटर म्हणाला.

आणखी काही येतंय का याची तिनं वाट पाहिली. मग चादर सोडली. आत लोखंडी सळीचा एक सांगाडा होता. वर लहान कडं, खाली मोठं कडं, मध्ये उभ्या सळ्या. दिव्याच्या शेडचा.

“त्यानं केला होता. उघडा बल्ब डोळ्यांत जातो म्हणून मी मागे लागले होते. सांगाडा झाला, पुढचं राहिलं. नेहमीसारखंच.”

“कापड लावून घे. छान दिसेल.”

“कापड नको. तू कर.”

फिटरनं सांगाडा हातात घेतला. उजव्या हाताला तो आहे की नाही हेही कळलं नाही. डाव्या हाताला थंड लागला.

“करतो,” तो म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं लगेच कामाला हात घातला. वरच्या कड्याभोवती मुके खांब घालत जायचे, तिथून खाली साखळ्यांची जाळी सोडायची आणि ती खालच्या कड्यात गुंतवायची, असं त्यानं ठरवलं. वरचं कडं झालं. जाळी उतरू लागली. सुतळी मध्येच कुठंतरी अडकत होती, तो ओढून सोडवत होता आणि पुढं जात होता.

संध्याकाळी बायको आली. तिनं चप्पल काढली, दिवा लावला आणि तिथंच थबकली.

“अहो, रक्त.”

फिटरनं हाताकडे पाहिलं. तर्जनीच्या पेरावर बारीक चीर पडली होती. सुतळीवर हातभर लाल डाग पसरला होता. बायकोनं बोट धुतलं, चिंधी बांधली. तो बघत होता. शेजाऱ्याचं बोट बांधलेलं बघावं तसं.

मग त्यानं डाव्या हाताचं बोट सळ्यांवरून फिरवलं. जिथं जिथं सांधा होता तिथं वेल्डिंगचे बारीक काटे तसेच राहिले होते. वेल्डरचं काम घट्ट, पण देखणं कधीच नव्हतं. सांधा जोडला की तो मागं सरकायचा आणि म्हणायचा, “घासायला तू आहेसच.” कारखान्यात कितीतरी वर्षं हेच चाललं होतं. एकानं जोडायचं, दुसऱ्यानं घासायचं. वेल्डरच्या दृष्टीनं हा सांगाडा पुरा झालाच होता. फक्त फिटरच्या हातून जायचा राहिला होता.

“माझी कानस कुठंय?” फिटरनं विचारलं.

बायको त्याच्याकडे बघत राहिली. अपघातानंतर हत्यारांची पिशवी तिनं पलंगाखाली सरकवून दिली होती आणि त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. तिनं वाकून पिशवी ओढली, कानस काढून दिली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आतून नळ वाहताना ऐकू येत होता. भांडं विसळल्याचा आवाज काही येत नव्हता.

फिटरनं झालेली जाळी उसवली. डागाची सुतळी तोडून टाकली. खाली वर्तमानपत्र पसरलं, सांगाडा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला आणि सांधे घासायला सुरुवात केली. कानस दोनदा हातातून निसटली. तिसऱ्यांदा त्यानं कानशीची मूठ उजव्या हातात ठेवली आणि जोर डाव्या हातानं दिला. लोखंडाची पूड कागदावर पडत होती. एकेक सांधा झाला की डावं बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायचं. एकही सांधा त्यानं सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं नव्या सुतळीनं पहिल्यापासून सुरुवात केली. आता ती कुठंच अडकली नाही.

रविवारी बहीण बॅग घेऊन आली. वहिनीनं तिला जेवायला वाढलं, वाटेसाठी डबा भरून दिला. मग खिडकीचा पडदा ओढून शेड दिव्यावर चढवली आणि बटण दाबलं. भिंतींवर, छतावर, तिघांच्या अंगावर जाळी पडली.

“सुरेख झालंय वन्सं,” बायको म्हणाली. “डोळ्यांत जात नाही आता.”

बहिणीनं शेड काढून घेतली, पण चादरीत गुंडाळली नाही.

फिटर तिला बसपर्यंत सोडायला निघाला. बॅग त्यानं डाव्या हातात घेतली. ती शेड छातीशी धरून चालत होती. रस्ता रिकामा होता, दुकानं बंद होती. चौक ओलांडल्यावर ती म्हणाली, “दादा, एक विचारू?”

“विचार.”

“शेवटी तो काही बोलला का?”

फिटर चालत राहिला. “सिगारेट आहे का, म्हणाला.”

“मग?”

“नव्हती माझ्याकडे. मग म्हणाला, चल उचल.”

“सोडली होती ना त्यानं सिगारेट?”

“तुझ्यासमोर सोडली होती.”

ती दोन पावलं पुढं गेली आणि थांबली. तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती. मग हसता हसताच तिनं तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. फिटर बॅग धरून शेजारी उभा राहिला.

“मला वाटायचं, ओरडला असेल,” ती म्हणाली. “हाक मारली असेल. रोज कानात यायचं.”

“नाही ओरडला. तेवढा वेळच नव्हता.”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलं नाहीस.”

“तू येशील, आपणहून सांगशील, म्हणून वाट बघत होते मी.”

एक सायकलवाला घंटी वाजवत दोघांना वळसा घालून गेला.

“मला अजून रडू आलं नाही, चिमणे,” तो म्हणाला. “येतच नाही.”

तिनं नाक पुसलं. “माहितेय मला. राहू दे तुझं. मी रडतेय ना दोघांचं.”

बस उभीच होती. फिटरनं बॅग वर चढवून दिली. बहीण खिडकीशी बसली. शेड तिनं शेजारच्या सीटवर नीट उभी करून ठेवली आणि कलू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला. खालून फिटरला खिडकीत तिचं तोंड दिसत होतं आणि त्याच्या बाजूला सुतळीचं वरचं कडं.

“पोचलीस की कळव,” तो म्हणाला.

“तू ये बघायला. दिवा लावलेला.”

“येईन.”

गाडी सुरू व्हायच्या बेतात असताना एक म्हातारा गृहस्थ धापा टाकत चढला. बाकी सगळ्या जागा भरल्या होत्या. तो तिच्या बाकापाशी येऊन उभा राहिला, त्यानं शेडकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. काचेतून शब्द ऐकू आले नाहीत. बहिणीनं मान हलवली. दोन्ही हातांनी शेड उचलून मांडीवर घेतली, आणि ती थोडी आत सरकली.

गृहस्थ बसला. गाडी हलली. फिटर तिथंच उभा राहिला, आणि गाडी वळणाआड गेल्यावर त्यानं हात वर केला.